कुंपणापलीकडच्या गाईला पोळी

माझी शाळा चौथीपर्यंतच. म्हणून सरळ सांगते. इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरला येण्याआधी आम्ही चार वर्षं इंग्लंडमधल्या एका खेड्यात राहिलो. मुलगा जवळच्या शहरात डॉक्टर होता. लोकांना वाटतं, काय सुंदर असेल. हिरवं होतं, एवढंच. गावातलं एकुलतं दुकान बंद पडलेलं, बस दिवसातून दोनदा, आणि चर्चमध्ये लग्नांपेक्षा मयतंच जास्त. सकाळी सगळे आपापल्या कामाला गेले की मी एकटी.

तिथे शेतांमधून पायवाटा असतात. मालकाला न विचारता कोणीही जावं, फाटक तेवढं लावावं. मी रोज जायची. वाटेत एका म्हाताऱ्याची गुरं चरायची. माझ्याच वयाचा, एकटाच. मला बघून तो काठी वर करायचा, मी हात वर करायची. त्या गावात माझी ओळख तेवढीच.

आमच्यात पहिली पोळी गाईची. कुंपणापलीकडे गाय उभी असताना ती मी कशी खाणार? रोज नेऊन द्यायची. एका तांबड्या गाईला तर माझी वेळ कळायला लागली होती.

एके दिवशी म्हाताऱ्याने पाहिलं. लांबूनच ओरडला. संध्याकाळी घरी आला. नात मध्ये उभी राहून मला सांगू लागली, "आजी, इथे किचनमधलं फूड गाईंना देणं इल्लीगल आहे. त्यातून डिसीज पसरतो. या आजोबांच्या काऊजना एकदा झाला होता. तोंडात फोड, पायांना जखमा. मग गव्हर्न्मेंटने सगळ्या शूट केल्या. जाळल्या."

म्हातारा जमिनीकडे बघत होता.

लाळ-खुरकूत. आमच्याकडेही यायची. आम्ही खुरं धुवायचो, आंबील पाजायचो, बरीचशी जगायची. याची मात्र सगळी गेली. मला म्हणायचं होतं की मला ठाऊक आहे तो रोग, चूक झाली, पुन्हा नाही होणार. मी तोंड उघडायच्या आत मुलगाच इंग्रजीत बोलला. म्हातारा मान हलवून निघून गेला.

"काय सांगितलंस रे त्याला?"

"सॉरी म्हटलं. म्हटलं, आई म्हातारी आहे, तिला कळत नाही."

"माझा जन्म गेला गुरांत. मला कळत नाही?"

"आई, मॅटर क्लोज केलंय मी. आता इश्यू नको. आणि त्या वाटेला जाऊ नकोस."

मी गेले. गुरं लांबच्या शेतात हलवली होती. म्हातारा दिसला. मी हात वर केला. त्याने पाठ फिरवली.

दोन महिन्यांनी आम्ही अमेरिकेत आलो. इथे पायी कोणी जातच नाही. गेल्या वर्षी नातीकडून त्याला पत्र लिहून घेतलं. मी सांगितलं तेच लिही, असं तिला दोनदा बजावलं. उत्तर आलं ते शेताच्या नव्या मालकाचं. म्हातारा वारला, गाई विकल्या.

म्हणजे तो गेला तेव्हा मी त्याच्या लेखी न कळणारी बाईच होते. आता त्यावर काही इलाज नाही.

पहिली पोळी सगळ्यात खाली राहते, शेवटी मीच खाते. सून म्हणते, "आई, पक्ष्यांना घाला ना." मी घालत नाही. इथला कायदा मला माहीत नाही.