आईच्या कबरीपाशी कोण कोण होतं

शांताचं पोस्टकार्ड आलं आणि मी दौंडला जायचं ठरवलं. शांता म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, याकोबची बायको. पुनरुत्थानाच्या रविवारी त्यांच्या तान्ह्या बाळीचा बाप्तिस्मा ठरला होता, पण याकोब पाळकसाहेबांपुढं उभा राहायला तयार नव्हता. "विश्वास आहे का असं विचारतील, आणि मी खोटं बोलणार नाही," असं त्याचं म्हणणं.

शनिवारी सकाळी मावशीला घेऊन निघाले. घोडनदीहून पुण्याला एस.टी. आणि तिथून दौंडची पॅसेंजर. कुणाला जायचं असेल तर सांगते, पहिली गाडी धरा आणि भाकरी घरूनच न्या. स्टेशनावरच्या पुरीभाजीला पैसे फार आणि भाजीत पाणीच जास्त. आम्ही लसणाची चटणी, भाकरी आणि फिरकीचा तांब्या घेतला होता. डब्यात खिडकीही मिळाली. कोळशाची कणी डोळ्यांत जाते म्हणून मावशी पदर तोंडावर ओढून बसली, त्यामुळं खिडकीचा उपयोग मलाच.

याकोब लोको शेडमध्ये फिटर आहे. तिथं चहाच्या सुट्टीत एका सोबत्यानं त्याला सहज विचारलं होतं, तुमच्या प्रभूच्या कबरीवर पहाटे किती बाया गेल्या? याकोबनं प्रभूची हकिगत सांगणारी चारही शुभवर्तमानं शेजारी शेजारी ठेवून वाचली. कुठं एकटी मरीया, कुठं दोघी, कुठं तिघी. देवदूत कुठं एक, कुठं दोन. तेव्हापासून त्याचं चर्च सुटलं.

"अक्का, एकच माप दोनदा घेऊन दोन निघालं तर आम्ही इंजिन शेडबाहेर सोडत नाही," तो मला म्हणाला. मी प्रार्थना केली आणि बाळीची झबली धुवायला घेतली.

दौंडला आमच्या लोकांत रीत आहे. आदल्या दिवशी कबरींना चुना लावतात आणि रविवारी झुंजुमुंजु होताना बाया मेणबत्त्या, फुलं घेऊन जातात. आई तिथंच आहे. मी, मावशी आणि शांता गेलो. रेल्वे कॉलनीतल्या बायांनी भजन धरलं होतं, टाळ अगदी हळू वाजत होते. मोगऱ्याची ओंजळ आईवर ठेवली तेव्हा मला फार शांत वाटलं.

घरी आलो तर याकोबनं एका हातावर बाळीला धरून चहा टाकला होता. आईजवळ कोण कोण होतं, असं त्यानं सहज विचारलं.

मी म्हणाले, मी आणि मावशी. शांता लगेच फणकारली, "आणि मी कुठं होते? तिघी होतो की." ती फुलांना पाणी आणायला नळावर गेली होती तेवढंच माझ्या डोळ्यांपुढं राहिलं होतं. मावशी म्हणाली, लई बाया व्हत्या, समदी कॉलनी गोळा झालती. कबरस्तानाचं फाटक उघडायला माणूस किती, यावरही आमचं जमेना. मी एक राखणदार पाहिला होता, शांतानं दोघं.

याकोब बशी हातात धरून आमच्याकडं बघत राहिला.

"तिघी एकाच ठिकाणाहून आलात ना?"

"मग काय तीन कबरींवरनं आलो व्हय?" मावशी म्हणाली. "माणसं मोजाया गेलतो का आम्ही? तुज्या आईला भेटाया गेलतो."

तो हसला. मग म्हणाला, "मावशी, हे काही उत्तर नाही." पण थोड्या वेळानं मोरीत त्याच्या दाढीचं पाणी सांडल्याचा आवाज आला.

चर्चमध्ये पाळकसाहेबांनी विश्वासाचा प्रश्न विचारला तेव्हा मी त्याच्या अगदी जवळ होते. शांता चटकन "आहे" म्हणाली. त्यानं पाण्याच्या भांड्याकडं, मग बाळीकडं बघितलं. "आहे," तो म्हणाला, "सगळा नाही, पण आहे." पाळकसाहेबांनी मान हलवली आणि बाळीच्या कपाळावर पाणी घातलं. तिनं असा टाहो फोडला की सगळे हसले.

परतीच्या गाडीत उभं राहावं लागलं, पण पाय दुखले नाहीत. घरी पोचल्यावर यांनी विचारलं, काय झालं म्हणून. मी बोलायच्या आधीच मावशीनं सुरुवात केली. याकोब कसा गुडघ्यावर आला, कसा ढसाढसा रडला, सगळं चर्च कसं त्याच्याबरोबर रडलं.

मी तर त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी होते. त्याचे डोळे कोरडे होते. गुडघे त्यानं टेकलेच नाहीत. पण आलो होतो आम्ही दोघी एकाच ठिकाणाहून.

यांनी माझ्याकडं बघितलं. "होय," मी म्हणाले, आणि देवाचे आभार मानून चूल पेटवायला गेले.