मोडलेला सुळा

मुरगूडचे एक शेतकरी आपला कुत्रा घेऊन माझ्या दवाखान्यात आले. रविवारच्या मटणाची नळी फोडताना त्याचा सुळा मोडला होता.

"उपटून टाका की, डाक्टर."

चांगलं मूळ मी उपटत नसतो. माणसांच्या रूट कॅनॉलच्या सुया कुत्र्याच्या सुळ्याला आखूड पडतात, म्हणून मी लांब सुया मागवून ठेवल्या होत्या. भूल देऊन मेलेली नस काढली, दात भरला आणि मालकांना बजावलं, "आता हाड कायमचं बंद!"

आठवड्यानं ते कुत्रा आणि तांबड्या रश्शाचा डबा घेऊन हजर.

"दात पक्का हाय बरं का."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कालच नळी घालून बघितली की!"

मी त्यांना दारातच झाडलं. मग कुत्र्याचा जबडा उघडला. माझं काम तसूभरही हललं नव्हतं.

डबा ठेवून घेतला.