टँकरखालचा चर

वर्ध्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो आणि पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं की पंचनाम्याचे. नवरदेवाला हसवणारा कॅमेराच अपघातालाही चालतो.

त्या सकाळी बोरगाव मेघेच्या पुढे ॲसिडचा टँकर उलटला. ओळखीच्या शिपायाचा फोन आला, "भाऊ, लवकर या. नाकाले बांधाले काही घेऊन या." मी पोचलो तोवर चालकाला दवाखान्यात नेलं होतं आणि गर्दीने त्याला दारुडा ठरवलं होतं. मी दोरीबाहेरूनच फोटो काढले. पुढचं चाक पाइपलाइनसाठी खोदलेल्या चरात रुतलं होतं. चराला ना कठडा, ना फलक.

तेवढ्यात ठाण्यात बदली होऊन आलेले नवे साहेब अवतरले. "कोण तू? इथं धोका आहे, कळत नाही?"

"पंचनाम्यासाठी बोलावलंय, साहेब. हवं तर आणखी मागे सरकतो."

त्यांनी कॅमेरा हिसकावला, एकेक फोटो स्वतः पुसला आणि मग तो परत दिला. धोक्याच्या जागेवरून माणसाला हटवण्याचा अधिकार पोलिसांना आहे आणि तो असायलाच हवा. पण फोटो पुसल्याने ॲसिड सौम्य होतं, हे मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मग एक पुढारी आले. त्यांच्यासाठी दोरी वर झाली. हनुवटीला मास्क लटकवून त्यांनी पाहणी केली आणि कार्यकर्ते मोबाइल धरून ओरडत राहिले, "भाऊसाहेब, थोडं डावीकडे, टँकर दिसू द्या!" वाफेलाही हुद्दा कळत असावा.

दुपारपर्यंत टँकर हलला आणि चर मुरूम टाकून सपाट झाला. मग शिपायाचा पुन्हा फोन.

"भाऊ, पंचनाम्याचे फोटो पायजेत."

"ते तुमच्या साहेबांनी पुसले."

"माह्यासमोरच पुसले जी. पण कम्प्युटरवर परत निघतात म्हणे?"

निघतात. त्यानंतर त्या कार्डावर मी एकही फोटो काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात साहेबांनी चहा मागवला, मी परत मिळवलेल्या फोटोंतून टँकरचे निवडले आणि चराचे बाजूला सारले. "चालकाचाच निष्काळजीपणा आहे. एवढे पुरेत. सही करा." समोरच्या प्रमाणपत्रात लिहिलं होतं की फोटोंत कसलीही छेडछाड झालेली नाही.

"सही करायची तर सगळेच लावावे लागतील, साहेब."

"तू मला तपास शिकवणार? दुसरा फोटोग्राफर बोलवा रे!"

शिपाई छताकडे पाहत म्हणाला, "बोलावतो साहेब. पण खड्डा तं बुजला. आता थो कायचा फोटो काढन?"

साहेबांनी बराच वेळ पेन शोधलं. ते त्यांच्या खिशातच होतं. मग चराचे फोटो त्यांनी पुन्हा गठ्ठ्यात सरकवले आणि मी सही केली.

चालकावरचा गुन्हा काही त्यामुळे मागे घेतला गेला नाही. पण त्याच्या वकिलाला आता निदान चर दाखवता येईल. रस्त्यावर तो कुणालाच दिसत नाही.