आत्याचे धवले

हे मी लिहावं एवढा माझा अधिकार नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. ब्लॉकचेनवर बोलायला जाणकार आहेत, धवल्यांवर बोलायला आमच्यातल्या म्हाताऱ्या बायका आहेत. मला दोन्ही अर्धवटच कळतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच.

ठाण्यातल्या आमच्या बाळकुम गावाला टॉवर झाले तरी आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागतेच. लग्नाचे विधी ती धवले गाऊन पार पाडते. माझी आत्या धवलारीण होती. आजारपणात तिचा आवाज बसायला लागला, तेव्हा माझी बहीण तिला म्हणाली, "माझ्या लग्नात तूच गायचंस हां, आत्या."

"मंग बेगीन नवरा बग ना!"

डोंबिवलीच्या कॉलेजात मला एका प्लॅटफॉर्मबद्दल कळलेलं. तो ब्लॉकचेनवर लोकगीतं जपायचा. मी आत्याला समजावलं की नोंद खूप ठिकाणच्या संगणकांवर राहते, ती कुणालाच पुसता येत नाही, आणि गाणं उघडतं ते फक्त आपल्याकडच्या किल्लीने.

"त्या चेनीला गल्यान घालू काय रं?" आत्याने चिडवलं. पण ती गायली. खोकत, थांबत, पुन्हा सुरू करत सगळे धवले गायली. मग म्हणाली, "फोनान नको ठेवू. कोनी बी कवा बी वाजवील. धवला मांडवानच गातान."

तिचं बरोबरच होतं. गाणी प्लॅटफॉर्मवर चढली, तशी मी तिच्यासमोरच फोनमधून काढून टाकली.

आत्या गेली. पुढे बहिणीचं लग्न ठरलं, आणि आत्याचाच आवाज मांडवात लावायचा असा घरात सगळ्यांनी हट्ट धरला. किल्ली घालून बघितलं तर आत्याचं नाव, तारीख, धवल्यांची नावं सगळं जिथल्या तिथे. आवाज मात्र येईना. प्लॅटफॉर्मच्या माणसांचे मिळतील त्या पत्त्यांवर मी मेलवर मेल पाठवत राहिलो.

"आलं का रे काही उत्तर?" बहीण विचारायची. नंतर नंतर तिने विचारणं सोडलं. माझ्याकडे बघून नुसती हसायची, ते मला सहन व्हायचं नाही.

हळदीच्या आदल्या दिवशी मांडवाचं सामान घेऊन मी घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये अडकलेलो, तेव्हा प्लॅटफॉर्मवर पूर्वी काम करणाऱ्या एका मुलाचं उत्तर आलं. ब्लॉकचेनवर फक्त नोंद जायची, गाणी कंपनीच्या सर्व्हरवर असायची. कंपनी बंद झाली, सर्व्हरही गेले. गाणी आता कुठेच नाहीत. खाली त्याने, बहुधा मला धीर द्यायला, लिहिलेलं की तुमची नोंद मात्र कायम राहील.