रिकाम्या फलाटाकडे बोट

लेकीकडे जपानला गेले होते, तेव्हा डोंगरातल्या एका गाडीत बसलो. डबा एकच. त्यात आम्ही दोघी आणि मुळ्यांची पिशवी घेतलेल्या एक आजी. पांढरे हातमोजे घातलेला ड्रायव्हर प्रत्येक स्टेशनावर रिकाम्या फलाटाकडे बोट दाखवून मोठ्याने काहीतरी म्हणे.

"फलाट नीट बघितला, असं बोलून दाखवतात. म्हणजे चूक होत नाही," लेक म्हणाली.

मला हसूच आलं. कोण आहे इथे बघायला?

आजी लेकीशी बोलू लागल्या, लेक मला मराठीत सांगत होती. ही लाइन कोळशासाठी टाकलेली. खाण बंद पडली, तरणी माणसं शहरात गेली. "दरवर्षी म्हणतात, गाडी बंद करणार. म्हणून मी मुलाच्या मोटारीत बसत नाही, बाजाराला गाडीनेच जाते."

माझं हसू विरलं. कुणी नसेल, हे आपण न बघताच ठरवून टाकतो. हा माणूस मात्र दर वेळी बघत होता.

पुढच्या स्टेशनावर त्याने बोट उचललं आणि तसाच थांबला. शेताच्या बांधावरून एक बाई पाठीशी बाळ बांधून लगबगीने येत होती. ती चढेपर्यंत दार उघडं राहिलं.

सगळा डबा मोकळा होता. तरी आजींनी शेजारची मुळ्यांची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि तिला जागा करून दिली.