भात्यावरचे शिंतोडे

या पेटीचा भाता उघडला, गोमूत्राचा जुनाट वास आला आणि मला मारेगावकडच्या एका देवळाची पायरी आठवली. माझे वडील वणीत पेट्या दुरुस्त करत. त्या देवळातल्या भजनी मंडळाची पेटी परत द्यायच्या आदल्या संध्याकाळी ते तिच्यावर आमच्या वस्तीतली भीमगीतं वाजवत बसले होते. कोळशाच्या धुळीनं काळवंडलेल्या त्या खोलीत आई भाकर थापायची थांबली होती. दुसऱ्या दिवशी देवळातल्या एकानं पेटी पायरीवरच ठेवायला लावली आणि आमच्यादेखत तिच्यावर गोमूत्र शिंपडलं. वडील एवढंच म्हणाले, "भात्यावर नका शिंपडू भाऊ, आतले सूर खराब होतेत." वाटेत मी चिडून विचारलं, "त्यायचं काम करता कायले?" ते लेकीला समजवावं तसं म्हणाले, "पेटीनं काय केलं माय?" तेव्हा ते उत्तर मला फार मोठं वाटलं होतं. आता वडील नाहीत, दुकान मी चालवते. आज तीच पेटी पुन्हा आली आहे, पितळी सुरांवर हिरवा थर घेऊन. ती मी दुरुस्त करीन, पण पोचवायला जाणार नाही. न्यायला येणाऱ्यानं तिच्यावर माझं भीमगीत वाजवून संपेपर्यंत दारात उभं राहावं. शिंपडायचं ते नंतर शिंपडतीलच.