बासष्टनंतर पासष्ट

“हा प्रवेश वाचायचा नसतो, ऐकायचा असतो.”

आमच्या शाळेतले इंग्रजीचे सर वर्षातून एकदा हे वाक्य म्हणत. नाटकाच्या झेरॉक्स प्रतीत बासष्टनंतर एकदम पासष्टावं पान का येतं, असं कुणीतरी विचारायचंच. मग सर पुस्तक मिटायचे आणि खिडकीकडे पाठ करून मधला प्रवेश तोंडानं सांगायचे. सव्वीस वर्षं हे चाललं. मी गणित शिकवतो, माझा वर्ग त्यांच्या भिंतीपलीकडे. त्यामुळे तो प्रवेश मलाही पाठ झाला होता.

नाटक चारशे वर्षांपूर्वीचं. शहरात साथ आलेली आहे. वेशीचा दरवाजा बंद आहे आणि कुणालाही आत घ्यायचं नाही असा हुकूम आहे. किल्ली ज्याच्याकडे असते, त्या म्हाताऱ्या द्वारपालाचा मुलगा लढाईवरून परत येतो आणि बाहेरून दार ठोठावतो. बाप आवाज ओळखतो. बासष्टावं पान तिथं संपतं. पासष्टाव्या पानावर मुलगा मेलेला आहे आणि बाप रडतो आहे. मधलं सर सांगायचे. बाप किल्ली फिरवतो, दार उघडतो, तापानं फणफणलेल्या पोराला पोटाशी धरतो, आणि पोर त्याच्या मांडीवर प्राण सोडतं. हे सांगताना सरांचा आवाज इतका खाली जायचा की माझ्या वर्गातली मुलंही गणित सोडून भिंतीकडे बघायची.

मुलं सरांना ‘प्रॉम्प्टर’ म्हणत. वर्गात कुणी ओळ विसरलं की दुसऱ्या क्षणी सरांच्या ओठांतून पुढचा शब्द आलेला असायचा. ही खोड स्टाफरूममध्येही सुटली नव्हती. आमचं वाक्य अर्ध्यावर असताना ते पुरं करून टाकत. “आज चहा जरा...” “पांचट आहे,” सर म्हणत. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, एकदा वैतागून म्हणाल्या, “अहो, माझं राजीनाम्याचं पत्रसुद्धा तुम्हीच पुरं कराल!”

औषधांच्या पट्ट्या आणि दुकानांच्या पाट्या यांपलीकडे इंग्रजी न पाहिलेली ही मुलं. पंधरा-सोळा वर्षांची, आवाज फुटलेली, स्वतःच्या हातापायांची लाज वाटणारी. सर त्यांना बाकांमधून चालायला लावत. एका ओळीला पाच पावलं. प्रत्येक पावलाला एक ठोका. “अर्थ मागाहून येईल. ओळ आधी पायात येऊ दे.” खालच्या मजल्यावरचा कारकून तक्रार करून थकला. त्याच्या टेबलावर रोज दुपारी छताची माती पडे.

मी कविता वाचत नाही. पण कधी कधी रस्त्यानं जाताना मला माझी पावलं पाचात मोडलेली सापडत.

यंदा परीक्षा मंडळानं पेपर दूरच्या गावी तपासायला पाठवले. आजवर ते इथल्याच शाळांत तपासले जात, आणि तपासणाऱ्यांपैकी निम्मे सरांचेच जुने विद्यार्थी असत. नव्या परीक्षकाजवळ मात्र अख्खं नाटक होतं. प्रश्न बारा गुणांचा : वेशीच्या प्रवेशातलं बापाचं वागणं तुम्हाला पटतं का? आमच्या अठ्ठेचाळीस मुलांनी बाप दार उघडतो असं लिहिलं होतं, आणि बरेचसे शब्दही तेच. मंडळानं सामूहिक कॉपीचा ठपका ठेवून सगळ्यांचे निकाल रोखले.

मोठ्या बाईंनी सरांना आणि मला बोलावलं. परीक्षेच्या खोलीत पर्यवेक्षक मी होतो.

“तुम्ही काय झोपा काढत होतात?”

“नाही हो बाई. एकानंही मान वळवली नाही.”

“मग हे काय भिंतीवर लिहिलं होतं?”

सर म्हणाले, “भिंतीवर नाही. मी सांगितलं होतं.”

बाईंना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी रोखलेल्या निकालांची यादी पुढे ओढली. मग म्हणाल्या, “आणि त्या नर्सच्या मुलीचं काय?”

नर्सची मुलगी वर्गातली सगळ्यांत हुशार. आईनं दिवसपाळ्या-रातपाळ्या करून एकटीनं वाढवलेली. दूरच्या शहरातल्या कॉलेजात तिची जागा कच्ची ठरली होती. इंग्रजीत ऐंशी गुण हवेत आणि महिनाअखेर निकाल हातात हवा, एवढ्या दोन अटी. निकाल सुटला नाही तर जागा जाणार, हे सगळ्या शाळेला माहीत होतं.

मंडळाच्या सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी मी सरांच्या घरी गेलो. दोन खोल्या, वाळत घातलेले कपडे, भिंतीला टेकवलेल्या वह्यांचे गठ्ठे. मूलबाळ नाही. बायको दवाखान्यात औषधं देते. तिनं माझ्यापुढे चहा ठेवला आणि नवऱ्याकडे न बघता मला सांगितलं, “माझ्या हातून चुकीची गोळी गेली असती तर मला उभी जाळली असती लोकांनी. यांच्या हातून एक पान गेलं. त्याचं एवढं काय?” मग त्यांच्याकडे वळून, “अहो, सरळ सांगा ना, माहीत नव्हतं म्हणून. पुस्तक फाटकं होतं, संपलं.”

सर एरवी तिचंही वाक्य पुरं करत. त्या दिवशी तिनं दोनदा वाट पाहिली आणि मग कप उचलून आत गेली.

आम्हा तिघांची सुनावणी मंडळाच्या कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर, फायलींनी अर्धी भरलेल्या खोलीत झाली. अधिकारी तरुण होता, सभ्य होता. चष्मा पुसत त्यानं विचारलं, “हा प्रवेश आला कुठून?”

“माझ्याकडून,” सर म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं. चोविसाव्या वर्षी नोकरी लागली. नाटकाचं पुस्तक रद्दीतून घेतलेलं होतं. तिसऱ्या दिवशी वर्गात शिकवता शिकवता पान उलटलं तर पुढचं पान नाही. चाळीस मुलं तोंडाकडे बघताहेत. “थांबलो असतो तर त्यांनी पुन्हा माझं ऐकलं नसतं. म्हणून जोडून दिलं.” पुढं त्याच पुस्तकाच्या झेरॉक्स निघाल्या, त्याच वह्या धाकट्या भावंडांकडे गेल्या.

अधिकारी हसला. “म्हणजे मुलांनी कॉपी केली नाही, तुम्हीच त्यांना चुकीचं दिलंत. ठीक आहे, ठपका निघेल. निकाल या आठवड्यात लागतील. त्या प्रश्नाला मात्र शून्य. जे नाटकातच नाही, त्याला गुण कसे देणार?” तो लिहू लागला. “अजाणता झालेली चूक, असं नोंदवतो.”

मोठ्या बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. मी खुर्ची मागे सारली.

“अजाणता नाही,” सर म्हणाले.

अधिकाऱ्यानं मान वर केली.

“अकरा वर्षांपूर्वी एका ग्रंथालयात मला अख्खं पुस्तक मिळालं. ते पान मी कपाटापाशी उभ्यानं वाचलं. बाप दार उघडत नाही. पुस्तक जागेवर ठेवलं आणि परत आलो. त्यानंतर अकरा वर्षं मी माझाच प्रवेश सांगितला.”

“का?”

“पंधरा-सोळाची मुलं, साहेब. त्यांना दार उघडणारा बाप द्यावासा वाटला.”

अधिकाऱ्यानं लिहिलेली ओळ खोडली. खोडताना त्याला वाईट वाटत असावं, कारण तो फार सावकाश खोडत होता.

निकाल लागले. नर्सच्या मुलीला शहात्तर मिळाले. जागा गेली. सरांना सत्र संपेपर्यंतची मुदत मिळाली. पुढच्या वर्षापासून नाटकाच्या तासाला मुलं अर्ज भरायला आणि मुलाखतीत उत्तरं द्यायला शिकणार होती. मंडळानं हरवलेल्या पानाची प्रत जोडून आणखी एक लेखी सूचना धाडली : चालू वर्गाला हे पान सरांनी स्वतः वाचून दाखवावं. मोठ्या बाई पत्र देताना म्हणाल्या, “नाही वाचलंत तरी मी काही विचारायला येणार नाही.” सर म्हणाले, “वाचतो.”

तो सोमवार होता. मी फळ्यावर एक समीकरण मांडून थांबलो, कारण भिंतीपलीकडे चालणं सुरू झालं होतं. एकट्या माणसाचं. पाच पावलं, वळण, पाच पावलं. मी मुलांना गणित सोडवायला सांगून व्हरांड्यात आलो.

मला इंग्रजी कामापुरतं येतं. पण ते पान कळायला जास्त इंग्रजी लागत नव्हतं. बाप दाराच्या आतून बोलतो. चाळीस ओळी बोलतो. शहरात किती माणसं झोपली आहेत ते सांगतो, तळहातावर किल्ली किती जड लागते ते सांगतो. दाराच्या फळीवर गाल टेकवून पोराचं लहानपण आठवतो आणि दार उघडत नाही. पलीकडून ठोठावणं चालू असतं, मग थांबतं. त्या ओळींइतकं देखणं काही सरांच्या वर्गातून मी सव्वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. ते बरोबर असणं आणि ते सहन न होणं, दोन्ही एकाच पावलात पडत होतं.

वाचून झालं. मग मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, “सर, म्हणजे आमच्या परीक्षेआधीच बाप बदलला?” मुलं हसली. सरही हसले असते, पण तेवढ्यात त्यांचं लक्ष मागच्या दाराकडे गेलं.

नर्सची मुलगी तिथं उभी होती. शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला आली होती, कागद अजून हातात होता. कधीपासून ऐकत होती कोण जाणे.

“ये ना, आत ये,” सर म्हणाले. “तुझे बारा गुण... मी मंडळाला परत लिहितो आहे. माझ्यामुळे...”

“बारा गुणांचं नाही सर.” ती आत आली नाही. “हे आम्हाला का नाही दिलंत?”

“तुम्ही लहान होतात.”

“माझा बाप याच गावात राहतो. तुम्हाला माहीत आहे, सगळ्यांनाच आहे. आई मला घेऊन तीनदा त्याच्या दारात उभी राहिली होती. आतून आवाज यायचा त्याचा. शेजारच्यांशी बोलायचा, पोरांशी बोलायचा.” तिचा आवाज चढला नव्हता. उत्तर सांगावं तशी ती सांगत होती. “तुम्ही तो प्रवेश सांगितलात ना, त्या दिवशी घरी जाऊन मी खूप रडले. मला वाटलं, चारशे वर्षांपूर्वीच्या बापानंसुद्धा उघडलं. साथ असून उघडलं. म्हणजे असा फक्त माझाच.”

पुढच्या बाकावरच्या मुलानं मान खाली घालून पेनाचं टोपण लावलं.

“हे पान असतं माझ्याजवळ,” ती म्हणाली, “तर मला निदान...”

ती थांबली. शब्द सापडत नव्हता तिला. सगळा वर्ग सरांच्या ओठांकडे बघत राहिला.

सरांनी हातातलं पान टेबलावर ठेवलं. ते उडू नये म्हणून त्यावर डस्टर ठेवलं. मग बाकांमधून चालत मागच्या दाराशी आले. ती बाजूला झाली. ते तिच्याजवळून गेले, व्हरांड्यात माझ्याजवळून गेले, जिना उतरले, आणि कारकुनाच्या टेबलासमोरून फाटकाबाहेर पडले. तिचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.